दुमडीतली उंची

४ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

‘वन्सं’ म्हटलं की तुझ्या नाकाला मिरच्या झोंबतात हे ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम. आता विचारशील, फोन सोडून पत्र कशाला? अगं, फोनवर बोलायची सोय आहे कुठे? बाहेरच्या खोलीत बाबांचं शिलाई मशीन आणि तिथेच पिटूचा अभ्यास. मी ‘हॅलो’ म्हटलं की आमच्या कार्टीची पेन्सिल थांबते. जिन्यात जाऊन बोलावं तर दाराआड येऊन उभी राहते. मेसेज टाकावा तर माझा मोबाइल तिच्याच हातात, गृहपाठ त्याच्यावर येतो.

विषय तिचाच आहे. तू दीड वर्षात आली नाहीस, म्हणजे तुझ्या डोळ्यांसमोर अजून ती काडीसारखी पिटुकली असेल. आता बघशील तर ओळखणार नाहीस. पोट सुटलंय, गाल वर आलेत, हनुवटीखाली आणखी एक हनुवटी तयार होतेय. नऊ वर्षांची पोर जिना चढली की धापा टाकते. वर्गात तिचं लाडाचं नाव कुणीतरी फोडलंय आणि सगळे ‘पिटुकली, पिटुकली’ म्हणून खिदळतात. आणि मी पडले बेकरीच्या काउंटरवरची. बायकांना आयतंच मिळतं, ‘घरचीच बेकरी, मग काय विचारता!’ घरची कुठली? मी तिथे पगारावर पाव विकते, आणि घरी नेते तोही विकतच.

मी काय करायचं बाकी ठेवलंय? बिस्किटांचा डबा कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. रोज सकाळी वजनकाट्यावर उभी करते. आकडा खाली यायचं नाव नाही. तुझा दादा म्हणतो, ‘वाढेल तशी ताणली जाईल गं.’ दिवसभर बस चालवणाऱ्या माणसाला पुढे गेलं की रस्ता मोकळा होतो असंच वाटतं. यावरून आमची खडाजंगी होते, पण दबक्या आवाजात. पोरीच्या कानावर नको.

तू मुलांच्या हॉर्मोनच्या विभागात सिस्टर आहेस. अशी पोरं रोज बघतेस. खरं सांग, माझं काय चुकतंय?

तुझी वहिनी


११ सप्टेंबर

वहिनी,

वन्सं म्हणणाऱ्यांना मी उत्तर देत नसते. पिटूसाठी नियम मोडला.

आमच्याकडे आई आत आली की खुर्चीत टेकायच्या आधी हेच विचारते, ‘माझं काय चुकलं?’ बाप कधी विचारत नाही. तो पार्किंग कुठे आहे ते विचारतो. तेव्हा तू एकटी नाहीस, एवढं समज. पण रोज वजन कशाला करतेस गं? पोर आहे की पार्सल?

बरं, आता नीट उत्तरं दे. झोप कशी लागते? पोटावर, मांड्यांवर जांभळट रेघा आहेत का? हातपाय बारीक आणि मधेच जाड, असं दिसतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, वर्षभरात उंची किती वाढली? नुसतं खाऊन जाड होणारी मुलं बहुतेक वेळा उंचही भराभर होतात, म्हणून विचारते. जुनं कुठलं माप असेल तर पाठव.

बाबांना सांग, माझ्या गाऊनचा खिसा फाटलाय आणि इथला शिंपी गाढव आहे.

तुझी (नाव घेऊन हाक मार) नणंद


१७ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

नाही मारत नावाने हाक. काय करशील?

झोपेचं विचारलंस. पडते वेळेवर, पण या कुशीवरून त्या कुशीवर चालूच असतं. सकाळी हलवून हलवून उठवावं लागतं. रेघांचं मला सांगता येणार नाही. हल्ली अंघोळीला दार लावून घेते, मला आत येऊ देत नाही. हातपाय मला तरी बारीकच वाटतात, की पोटाशेजारी तसे दिसतात देव जाणे.

उंचीचं मात्र छातीठोक सांगते. वाढलेली नाही. अजिबात नाही. जुनं माप कुठेच नाही गं. लसीकरणाचं कार्ड घर बदलताना गेलं. शाळेत वजन-उंची घेतात, तर मागच्या वर्षी नेमकं त्या दिवशी हिचं पोट दुखलं आणि ही घरी राहिली. का दुखलं ते तू समजून घे. पण शाळेचा निळा फ्रॉक आहे ना! मागच्या वर्षी शाळा उघडताना बाबांनी शिवला, तेव्हा बरोब्बर गुडघ्यापर्यंत होता. आजही बरोब्बर गुडघ्यापर्यंतच आहे. मी काल तिला उभी करून बघितलं, बोटभरही वर गेलेला नाही. इतर मुलींचे फ्रॉक वर्षात आखूड होतात, आया कुरकुरतात. माझं कापड वाचतंय म्हणून मी आपली खूश होते.

आडवी वाढतेय आणि उभी नाही, असं असतं का काही?

तुझी वहिनी


२२ सप्टेंबर

वहिनी,

८ ऑक्टोबरला सकाळी पिटूला इकडे घेऊन ये. आमच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आहे. तो निळा फ्रॉक बरोबर आण. घरात जी काही मलमं, गोळ्या, दम्याचे पंप असतील, कुणाचेही, तेही पिशवीत घाल. काळजीचं काही नाही. नेहमीची तपासणी आहे.

पिटूला पापा.


२६ सप्टेंबर

वन्सं,

तुझं पत्र तीनदा वाचलं. थट्टा नाही, टोमणा नाही, ‘वन्सं’चा राग नाही. बाबांच्या शिलाईबद्दल एक शब्द नाही. तू लग्नाच्या मांडवातही टवाळी केलीस, आणि आता ‘काळजीचं काही नाही’ म्हणतेस?

की तुला वाटतंय मी पोरीला काहीबाही देते? मलमं आण, गोळ्या आण, म्हणजे काय? मी आई आहे तिची. तुला माझा संशय असेल तर तोंडावर सांग. आणि संशय नसेल, दुसरंच काही असेल, तर तेही सांग. मला भाजीत मीठ किती घातलं ते आठवत नाही हल्ली. काल एका गिऱ्हाइकाला पावाऐवजी रिकामी पिशवीच दिली. माझ्या तोंडचं पाणी पळालंय.

वहिनी


३० सप्टेंबर

वहिनी,

संशय तुझा नाही. माझ्या गळ्याची शपथ. मलमांचं विचारलं, कारण काही औषधांनीही असं होतं. तसं निघालं तर फार बरं होईल, म्हणून विचारलं.

आता खरं लिहिते. आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन लहान ग्रंथी असतात. भीती वाटली, ताण आला, की त्या कॉर्टिसॉल नावाचं हॉर्मोन सोडतात. ते तुझ्यात आहे, माझ्यात आहे, परीक्षेला बसलेल्या प्रत्येक पोरात आहे. त्यात वाईट काही नाही, ते नसेल तर माणूस सकाळी उठणार नाही. पण फार क्वचित कुठेतरी एखादी गाठ होते आणि ते हॉर्मोन थांबतच नाही. मग मूल जाड होत जातं, पोट आणि चेहरा भरतो, आणि उंची थांबते. आडवी वाढते आणि उभी नाही, हे तुझंच वाक्य. ते वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि पाणी प्यायले.

फार क्वचित, वहिनी. मी इतकी वर्षं इथे आहे आणि अशी मुलं बोटांवर मोजण्याइतकी पाहिली. पण पाहिली आहेत, म्हणून मला सहज हसता येईना. निघालंच तर त्यावर उपाय आहे, ऑपरेशन होतं, मुलं बरी होतात. वेळेत कळणं महत्त्वाचं.

दादाला सांग. बाबांना एवढ्यात नको, ते मशीन सोडून देवासमोर बसतील. पिटूसमोर तर अजिबात नको.

तुझी नणंद


२ ऑक्टोबर

चि. धाकटीस बाबांचे आशीर्वाद.

घरात काहीतरी शिजतंय आणि मला कुणी सांगत नाही. सुनेला विचारावं तर ‘काही नाही बाबा’ म्हणते आणि डोळे पुसत आत जाते. तुझा दादा जेवताना भिंतीकडे बघतो. पिटूला तुझ्याकडे दवाखान्यात आणायचं एवढं समजलं. त्याला माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं फ्रॉकबद्दल आहे.

सुनेने पिटूचा निळा फ्रॉक धुऊन घडी करून पिशवीत भरला. म्हणे डॉक्टरांना दाखवायचाय. का, ते सांगत नाही. दाखवायचाच असेल तर मी दोन दिवसांत नवा शिवून देतो. तो दाखवण्यासारखा राहिलाय का? तीन वेळा सोडलाय मी तो. आमच्या पेशात पोरीबाळींच्या कपड्याला आत भरपूर दुमड ठेवायची पद्धत, तशी ठेवली होती. ती दुमड आता संपत आली. बाजूच्या शिवणीही तशाच उसवून सैल केल्यात. इस्त्रीने बाहेरून घडीच्या खुणा काढल्या, पण आतून तिन्ही रेघा स्वच्छ दिसतात. एवढं आयुष्य मशीनवर घालवलं आणि परक्या बाईने माझा असा कपडा उलटा करून बघायचा?

तू म्हणशील, मग वेळेवर नवा का नाही शिवला. अगं, पोर टेप बघितला की रडते. कमरेला टेप लावला की अंग चोरते, पोट आत ओढून उभी राहते, श्वास सोडत नाही. असं माप घेऊन करू काय? सकाळी काट्यावर तिची जी शोभा होते ती काय कमी आहे? त्यात मी भर कशाला घालू? म्हणून सून रविवारी बेकरीत गेली की वाळत घातलेला फ्रॉक काढायचा, थोडा खाली सोडायचा, थोडा बाजूला सोडायचा, आणि परत दोरीवर टाकायचा. पोरीला वाटतं फ्रॉक अजून होतोय. ती खूश, मी खूश. सुनेला हे सांगू नकोस, नाहीतर म्हणेल बाबा लाड करतात.

तुझ्या गाऊनचा खिसा पाठव. तुमच्याकडचा शिंपी गाढव आहे हे मला आधीच माहीत होतं.

तुझे बाबा


५ ऑक्टोबर, जलद टपालाने

वहिनी, अगं वहिनी,

मघाशी फोनवर मी हसत होते की रडत होते ते तुला कळलं नसेल. मलाही कळत नव्हतं. ‘काय झालं?’ म्हणून तू ओरडलीस, तेवढ्यात मागून पिटूचा आवाज आला, ‘आत्या आहे का? काय म्हणते?’ म्हणून ‘लिहिते’ म्हटलं आणि ठेवला. नीट जेव, झोप, आणि हे वाच.

फ्रॉक आखूड झाला नाही, कारण बाबा तो सोडत होते! तीन वेळा! तू बेकरीत गेलीस की! बाबांनी स्वतः लिहिलंय, आणि वर मला बजावलंय की वहिनीला सांगू नको. त्यांना कुठे ठाऊक आपण त्या फ्रॉकवर काय काय टांगून ठेवलंय ते. तू पोरीला उभी करून गुडघा बघितलास, मी तुझा शब्द धरून नको नको ते मनात आणलं, आणि इकडे बाबा मिशीत हसत दुमड उसवतायत. दुसऱ्या कुठल्या घरात असं झालं नसतं. तिथे फ्रॉक आखूड झाला असता आणि आईने दुकानातून नवा आणला असता.

आता असं कर. फ्रॉक उलटा कर आणि सगळ्यात वरच्या जुन्या घडीपासून आताच्या काठापर्यंत बोटं ठेवून बघ. तीन बोटं तरी भरतील. म्हणजे आपली पिटू उंच होतेय, वहिनी. चांगली होतेय.

तरी ८ तारखेला या. डॉक्टरीणबाई फ्रॉकवर विश्वास ठेवून कुणाला घरी पाठवत नाहीत, आणि पाठवूही नये. तपासण्या करू. पण आज मी पोटभर जेवले, एवढं सांगते.

बाबांवर ओरडू नकोस हं. माझं नाव पुढे येईल.

तुझी वन्सं (हे एकदाच, आनंदाच्या भरात)


१५ ऑक्टोबर

वहिनी,

निकाल आले. फोनवर ‘सगळं ठीक’ एवढं कळवलंच, आता सविस्तर. रक्त ठीक. दिवसभराची लघवी साठवायला लावली होती, ज्यावरून दादाने एवढे विनोद केले, तीही ठीक. झोपायच्या वेळी कापूस चघळायला दिला होता, त्यात भिजलेल्या लाळेतलं कॉर्टिसॉल जेवढं असावं तेवढंच. गाठबीठ काही नाही. काही नाही, वहिनी, काही नाही! पुन्हा पुन्हा लिहावंसं वाटतंय.

डॉक्टरीणबाईंनी तो फ्रॉक टेपने मोजला ते तू पाहिलंसच. नंतर त्यांनी तो सगळ्या शिकाऊ डॉक्टरांना उलटा करून दाखवला. हे बाबांना सांग किंवा सांगू नकोस, तूच ठरव.

आता एक गोष्ट. तुम्ही बाहेर बसला होतात तेव्हा डॉक्टरीणबाई पिटूशी एकटीशी बोलल्या. मी तिथे होते. त्यांनी विचारलं, ‘झोप का गं येत नाही?’ पिटू बोटांशी चाळा करत म्हणाली, ‘घरात माझ्याबद्दल हळू बोलतात. ऐकायला जागं राहावं लागतं.’

मला तोंड फिरवून सलाइनच्या बाटल्या मोजायचं नाटक करावं लागलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते लिहिते. आजार नाही म्हणजे ताण नाही असं नाही. मूल सारखं धास्तावलेलं असलं की झोप मोडते, झोप मोडली की भूक चाळवते, गोडाकडे हात जातो, आणि पोटाभोवती साठत जातं. कुणाच्या अंगावर कशामुळे किती चढलं हे काट्यावर वेगळं काढता येत नाही, तेही त्यांनी सांगितलं. खाणं, खेळणं, झोप, आईबापाचा बांधा, सगळं त्यात येतं. पण काट्यावर रोज उभं करून आणि डब्याला कुलूप घालून मुलं बारीक झालेली त्यांनी पाहिली नाहीत. चोरून खाणारी मात्र भरपूर पाहिली.

तेव्हा कुलूप काढ. घरात सगळ्यांना जे, तेच तिला, ताटात वाढून. संध्याकाळी कुणीतरी तिच्याबरोबर खाली खेळायला उतरा, दादाला उतरव, त्याचं पोट मी पाहिलं. झोप पुरी होऊ दे. वजन उतरायची घाई नाही, आहे तिथे थांबलं तरी उंची त्याला गाठेल. तीन महिन्यांनी पुन्हा बघू. आणि तिच्याबद्दल जे बोलायचं ते तिच्यासमोर बोला, मोठ्याने.

तूही चुकलीस असं मनात आणू नकोस. हळू बोलायचं मीच तुला लिहिलं होतं.

तुझी नणंद


२१ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

जीव भांड्यात पडला म्हणतात ते माझ्या बाबतीत खरं झालं. तुझा ‘सगळं ठीक’चा फोन आल्यावर मी दोन दिवस नुसती झोपले. बेकरीत मालक म्हणाला, ‘आज पाव मोजून देताय, बऱ्या झालात वाटतं.’

बाबांवर ओरडले नाही. त्यांना सगळं सांगितलं, गाठीचं, भीतीचं, फ्रॉकचं. ऐकून त्यांनी मशीन थांबवलं. म्हणाले, ‘म्हणजे मी पोरीला वाचवायला निघालो आणि तुम्हां सगळ्यांचा जीव घेतला.’ मी म्हटलं, ‘बाबा, तुम्ही दुमड ठेवलीत म्हणून तर सुटलो.’ शिकाऊ डॉक्टरांचं सांगितल्यावर मात्र चिडले. म्हणाले, ‘निदान इस्त्री तरी करून द्यायची होती.’ नवा फ्रॉक शिवायला घेतलाय. माप पिटूने स्वतः घेतलं, टेप तिच्याच हातात दिला. बाबांनी फक्त आकडा विचारला, आणि ‘छान’ म्हणाले. काटा माळ्यावर गेला, पण त्याआधी तुझा दादा त्याच्यावर उभा राहिला आणि खाली उतरून म्हणाला, ‘हा बिघडलाय.’ आता रोज संध्याकाळी बापलेक खाली चेंडू खेळतात. बाप आधी दमतो, आणि पिटूला त्याचा कोण आनंद!

खरं सांगायचं ते पुढेच आहे. तुझं पत्र वाचून मी खूप रडले. मग त्या दिवशी जेवताना मी मुद्दाम मोठ्याने बोलले. म्हटलं, ‘पिटू, ऐक. आम्हांला वाटलं होतं तुला एक आजार आहे. म्हणून आम्ही हळू बोलत होतो. डॉक्टरांनी सगळं तपासलं. तुला आजार नाही. तू चांगली आहेस.’

तिने घास खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. मग म्हणाली, ‘म्हणजे मी मरणार नाहीये?’

वन्सं, तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही गप्प राहिलो, आणि तिने आमच्या गप्प राहण्यातून एवढं सगळं काढलं होतं. किती दिवस ते उराशी घेऊन ती शाळेत जात होती, काट्यावर उभी राहत होती, कुणास ठाऊक. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, ‘नाही गं बाई, मुळीच नाही, म्हातारी होशील.’

‘नक्की?’

‘नक्की.’

तशी ती माझ्या हातांतून सुटली, उठली, हात धुतले, पायात चपला अडकवल्या. मी म्हटलं, ‘अगं कुठे निघालीस, जेवण अर्धं राहिलंय.’ तर दारातून म्हणाली, ‘माझी रंगपेटी आणायला.’ खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीला देऊन टाकली होती म्हणे, नवी कोरी. आपण गेल्यावर रंग वाळून जातील म्हणून.

ती धाडधाड जिना उतरली. मग खालून तिचा आवाज आला, ‘ती माझी आहे, मला परत पाहिजे!’ एवढ्या मोठ्याने आमची पोर वर्षभरात बोलली नव्हती. तुझा दादा उठून दार लावायला निघाला. मी त्याला म्हटलं, ‘राहू दे उघडं.’

तुझी वहिनी